बाईनं मारलं

हे आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. भावाला नाही, पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या लेकीला नाही, विहारात मांडीला मांडी लावून बसणाऱ्या बायकांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय — का? तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून असेल. समोर चेहरा आला की मी बोलता बोलता थांबते, आणि थांबले की दुसरंच काहीतरी बोलून मोकळी होते. ती माझी जुनी खोड.

लातूरला राहते मी. एका शाळेत विज्ञान शिकवते, निवृत्तीला आता फार दिवस उरले नाहीत. दर रविवारी सकाळी आमच्या कॉलनीतल्या बुद्धविहारात बायकांचा वर्ग घेते. वर्ग म्हणजे डोळे मिटून बसायचं, श्वासाकडं बघायचं. मनात राग असेल तर राग, दुःख असेल तर दुःख — आहे तसं बघायचं, आणि मग स्वतःशी जरा मायेनं वागायचं. बायका येतात. सुनेशी पटत नाही म्हणून, नवऱ्याच्या दारूला विटल्या म्हणून, पोरगं नीटच्या परीक्षेत मागं पडलं म्हणून पदर तोंडात कोंबून रडायला. जाताना म्हणतात, “बाई, तुमच्याकडं नुसतं बघितलं तरी शांत वाटतं बघा.” मी हसते. त्या हसण्याबद्दलच लिहायचंय खरं तर. पण एकदम तिथं जाता येईना. थोडं मागून येते.

माझे मिस्टर कोरोनात गेले. दवाखान्यात स्वतःच्या पायानं चालत गेले होते, हातात पाण्याची बाटली घेऊन. त्यानंतर मला भर वर्गात, फळ्यावर लिहिता लिहिता, छातीत दाटून यायचं. हात गार पडायचे. वाटायचं, आता मीही जाते. डॉक्टर म्हणाले, हृदयाला काही नाही. मग मिलिंद — माझा धाकटा भाऊ, नांदेडला सरकारी नोकरीत आहे — मला तिकडं एका समुपदेशक मॅडमकडं घेऊन गेला. त्यांनी मला हे शिकवलं. मनात जे उठतंय त्याला नाव द्या, त्याच्याशी भांडू नका, त्याला लपवूही नका. छातीवर हात ठेवा आणि स्वतःशी असं बोला, जसं जिवाभावाच्या मैत्रिणीशी बोलाल.

मला हसू आलं होतं तेव्हा. आमच्या घरात स्वतःशी कोण बोलतं? लहानपणी विहारात भन्तेजींनी श्वासावर बसायला शिकवलं होतं, पण स्वतःवर माया करा असं कुणी म्हटलं नव्हतं. तरी केलं. आणि — हे मला प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे — त्याचा गुण आला. मी झोपू लागले. फळ्यासमोर उभी राहू लागले. उद्या तुम्ही म्हणाल की असलं काही खरं नसतंच, तर तसं नाही. ते खरं आहे. माझ्याबाबतीत ते खरं निघालं, हीच तर सगळी अडचण आहे.

मॅडम आणखी एक बोलल्या होत्या. मैत्रिणीकडून चूक झाली तर तुम्ही तिला झोडपणार नाही, पण चूक झालीच नाही असंही म्हणणार नाही. तिचा हात धरून तिला त्या चुकीपर्यंत घेऊन जाल. मी यातलं पहिलं अर्धं घेतलं. दुसरं अर्धं तिथंच, त्या खोलीत ठेवून आले. विसरले नव्हते बरं का. ठेवून आले.

आता आईचं सांगते.

आई अहमदपूरला राहायची. वडील आम्ही लहान असतानाच गेले. मुलींच्या सरकारी वसतिगृहात स्वयंपाक करून आईनं आम्हा दोघांना शिकवलं. ज्वारीच्या भाकरी थापून थापून तिच्या तळहाताची कातडी गुळगुळीत झाली होती, रेघाच दिसायच्या नाहीत. पुढं ती विसरायला लागली. आधी मीठ, मग कुलूप, मग माणसं. एकदा एसटी स्टँडवर जाऊन बसली. शेजाऱ्यांनी विचारलं, कुठं चाललाव? तर म्हणाली, पोरींच्या जेवणाची येळ झाली. मग मी तिला लातूरला आणलं. मिलिंद म्हणाला, ताई, तू शाळेत जातेस, तिच्याजवळ कुणीतरी पाहिजे. आणि त्यानं ऑफिसातल्या एका माणसाच्या ओळखीनं गंगासागरला पाठवलं.

गंगासागर बिलोलीकडची. चाळिशीला आलेली, नवरा वारलेला, एक मुलगी नांदेडला शाळेत शिकत होती. तेलंगणाच्या कडेचं गाव, त्यामुळं बोलण्यात मधूनच तेलुगू यायचं. आईला ती पहिल्या दिवसापासून अम्मा म्हणाली. आई तिला गंगे म्हणायची. “गंगे, काय करलालीस गं?” “काय न्हाई अम्मा, तुमच्याकडं बघून राहिले.” दिवसभर दोघींचं हे चालायचं. डाळीत मूठभर तांदूळ मिसळून गंगासागर आईला निवडायला द्यायची. आई निवडून ठेवी, ही परत मिसळी. दोघी खूश.

मला काय झालं असेल — सांगू? मला राग यायचा. आई तिला रोज ओळखायची आणि मला कधीमधी. मी शाळेतून आले की आई विचारायची, ह्या कोण आल्या गं गंगे? आणि गंगासागर हसून म्हणायची, अवो अम्मा, तुमची शालूताई हाय की. तिच्या मनात काही नसायचं. पण माझ्या आईशी माझी ओळख ती करून देते, हे मला खुपायचं. मी सकाळी बसायचे, डोळे मिटून. मत्सर आहे, म्हणायचे. नाव द्यायचे. नाव दिलं की तो खाली बसायचा. मला वाटायचं, गेला. गेला नव्हता. बसला होता फक्त.

एवढं सगळं सांगतेय म्हणजे मी कारणं गोळा करतेय का? असेलही. थांबते.

तो रविवार. उन्हाळा. नळाला पाणी येऊन आठवडा उलटला होता. मी वर्ग आटपून घरी आले. त्या दिवशी आम्ही रागावर बसलो होतो. एक बाई खूप रडली होती आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवला होता. माझ्या अंगात ते सगळं भरलेलं होतं — मी कुणाला तरी बरं केलं, असं. दारात गंगासागर घागरी घेऊन उभी. “ताई, टँकर आलाय, मी भरून आन्ते. अम्मा उठल्यात.” ती गेली. मी आत आले तर आईनं लुगड्यातच केलेलं.

मी तिला मोरीत नेलं. घरात अर्धी बादली पाणी शिल्लक होतं, तेवढंच. लुगडं फेडायला लागले तर ती घट्ट धरून बसली. “गंगे! अगं गंगे!” मी म्हटलं, आई, मी आहे ना. शालू. ती आणखी जोरात ओरडायला लागली. तिनं भरलेला हात भिंतीला पुसला, मग माझ्या साडीला. मी हात धरायला गेले तर तिनं बादलीला लाथ मारली. पाणी वाहून गेलं. सगळं. आणि ती माझ्याकडं बघून म्हणाली, “तू कोण गं? तू जा इथून.”

मी आईला मारलं.

लिहिलं. तोंडावर मारलं. एकदा नाही. मग तिचा दंड धरला, इतका घट्ट की माझीच बोटं दुखली, आणि ढकललं. मोरीच्या कठड्याची कड तिच्या भुवईवर लागली. ती खाली बसली. रडली नाही. दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरले आणि म्हणाली —

“मारू नका बाई. मी जाते घरला. पोरींचा सैपाक ऱ्हायलाय.”

बाई. वसतिगृहाच्या अधीक्षक बाईंना आई बाई म्हणायची. तिला मी तीच दिसत होते. त्या बाईंनी माझ्या आईला कधी मारलं होतं का? मला माहीत नाही. आईनं आम्हाला कधी काही सांगितलं नाही. त्या एका वाक्यात तिच्या आयुष्यातलं काहीतरी मला दिसलं, जे मला तिनं जन्मभर दिसू दिलं नव्हतं, आणि ते दिसायला मला तिच्यावर हात उचलावा लागला.

ओल्या टॉवेलनं तिला पुसलं. दुसरं लुगडं गुंडाळलं. कॉटवर निजवलं. मी सांगेन तसं ती करत गेली. इतकी गुणी झाली होती ती अचानक.

यानंतर मी काय केलं, ते मला मारण्यापेक्षाही लाजेचं वाटतं. मी दुसऱ्या खोलीत गेले, दार लोटलं, भिंतीला टेकून बसले आणि छातीवर हात ठेवला. शालिनी, म्हटलं, तू थकली आहेस. नवरा गेला, शाळा, घर, आईचं दुखणं — किती सोसायचं एका माणसानं? तुझ्या जागी कुणाचाही हात उठला असता. तू वाईट नाहीस. स्वतःला माफ कर. श्वास आत आला, बाहेर गेला. छाती मोकळी झाली. खरंच झाली हो! पलीकडच्या खोलीत माझी आई भुवईतून रक्त येत पडली होती आणि मी हलकी झाले होते. एखाद्या वर्गाला शिकवावं इतकं ते नीट जमलं.

गंगासागर डोक्यावर घागर घेऊन आली. तिनं आईला बघितलं. “ताई, ह्ये काय झालं अम्माला?” मी म्हटलं, पडली असेल. मोरीत. तिनं आईचा दंड बघितला. मग माझ्याकडं. मग खाली मान घातली आणि हळद गरम करायला गेली. मला वाटलं, बरं झालं.

दुसऱ्या दिवशी मिलिंद आला. उदगीरला कुणाचं तरी लग्न होतं, जाताजाता आईला बघून जावं म्हणून वाट वाकडी केली. आई खिडकीपाशी बसली होती. त्यानं पाया पडून वर बघितलं आणि तसाच गुडघ्यावर राहिला.

“हे काय आहे, ताई?”

“पडली.”

त्यानं पदर बाजूला केला. दंडावर चार बोटं उमटली होती, निळी, एकाशेजारी एक. “पडल्यावर बोटं उठत न्हाईत,” तो म्हणाला. तो आईच्या जवळ सरकला, लहान लेकराला विचारावं तसं त्यानं विचारलं, “आई, कुणी मारलं तुला?”

आई कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत राहिली. मला वाटलं, ती विसरली असेल. देवाला मानत नाही मी, पण तेव्हा कुणाला तरी म्हटलं, विसरलेली असू दे. आई म्हणाली, “बाईनं.”

“कोन बाईनं?”

“बाईनं मारलं.”

मिलिंद उठला आणि गंगासागरकडं वळला. त्याला बाई म्हणजे घरात कामाला ठेवलेली बाई. दुसरं काय वाटणार? शाळेत पोरं मला बाई म्हणतात, विहारात बायका मला बाई म्हणतात — पण बहिणीला कोण त्या जागी धरतं? गंगासागर भिंतीला लागून उभी होती. तिनं एकच सांगितलं, आणि ते अगदी खरं होतं.

“दादा, अम्मा मला गंगे म्हन्तेत. बाई न्हाईत म्हनत कधी.”

मिलिंदनं माझ्याकडं बघितलं. “ताई, खरंय का?”

आता इथं — इथं जरा थांबू द्या मला. इतका मोठा दरवाजा आयुष्यात पुन्हा कुणी माझ्यासाठी उघडून धरला नाही. ‘खरंय’ एवढा एक शब्द पुरला असता. आईला मारलं ते रागाच्या भरात, माझं भान गेलं होतं असं कुणी म्हणू शकेल. पण तेव्हा? तेव्हा मी पूर्ण भानावर होते. मॅडमनी शिकवलं होतं तसं मला सगळं स्पष्ट दिसत होतं — माझ्या मनात उठलेली भीती, तिचं नाव, गंगासागरच्या पायातल्या फाटक्या चपला, आईच्या लुगड्याचा काठ. सगळं बघत बघत मी म्हणाले,

“आई आता कुणालाही काहीही म्हणते.”

आणि थोडं थांबून, “मी क्लासहून आले तेव्हा झोपली होती. मला काही माहीत नाही.”

गंगासागर माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. मी चुकून बोलले असेन आणि आत्ता दुरुस्त करीन, अशी वाट बघितल्यासारखी. मग तिला कळलं. “ताई,” ती म्हणाली, “माझ्या लेकराची आन हाय. मी अम्माला हात न्हाई लावला.” मिलिंद ओरडला, आवर तुझं सामान. तो तसा ओरडणारा माणूस नाही. मीच आणली हिला, मीच आणली, असं म्हणत त्यानं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. तो हात मी धरला. समजूत घातली त्याची! जाऊ दे, म्हटलं, असू दे, तुझी काय चूक?

ती पिशवी भरून निघाली तेव्हा आईनं तिचा पदर धरला. “कुठं चाललीस गं गंगे?” “इथंच अम्मा, पान्याला चालले,” ती म्हणाली. तेवढं हसून म्हणाली. मग पदर हळूच सोडवून घेतला.

मिलिंदनं ज्या माणसाच्या ओळखीनं तिला आणलं होतं त्याला फोन केला. त्यानं आणखी कुणाला केला असेल. म्हाताऱ्या माणसाला मारणारी बाई — ही बातमी लांब जायला काय लागतं? नांदेडला एका घरी तिचं काम ठरलं होतं, ते मोडलं. बिलोलीला दवाखान्यात आया म्हणून घेणार होते, तिथंही कळलं. मला हे मिलिंदच सांगायचा, समाधानानं. एकदा म्हणाला, पोरीला शाळेतून काढलं म्हणे तिनं, दोघी हदगावकडं कापूस वेचायला जातात. मी भाजी निवडत होते. निवडत राहिले.

आईसाठी मी लांब रजा काढली. मला वाटलं होतं, आता मी एकटी तिची सेवा करीन आणि मनातल्या मनात फेडीन. पण मी तिच्या कपाळावरचे केस मागं सारायला हात उचलला तरी ती दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरायची. घास भरवायला हात नेला तरी. तिला माझं नाव आठवत नव्हतं, मी तिची लेक आहे हे आठवत नव्हतं, काल काय खाल्लं ते आठवत नव्हतं. हे मात्र तिच्या हातांना आठवायचं. पाण्याला गेलेली गंगा अजून कशी आली न्हाई, असं ती दाराकडं बघून विचारायची. डाळ-तांदूळ मिसळून मीही दिले एकदा. तिनं ताट बाजूला सारलं.

पुन्हा कधी हात उचलला नाही, असं इथं लिहावं असं फार वाटतंय. उचलला. एकदा. तेव्हा घरात बघायला कुणीच नव्हतं. त्या वेळीही मी दुसऱ्या खोलीत गेले, छातीवर हात ठेवला आणि तेच सगळं म्हणाले. त्या वेळीही गुण आला.

हिवाळ्यात आई गेली. शेवटी शेवटी ती काही खात नव्हती, डॉक्टर म्हणाले, या दुखण्यात असंच होतं. होत असेल. मी त्यांच्या म्हणण्याला धरून बसले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर भरलं होतं. अहमदपूरहून नातेवाईक आले, शाळेतले शिक्षक आले, माझ्या वर्गातल्या सगळ्या बायका पांढऱ्या साड्या नेसून आल्या. अंगणात मंडप, आत फोटोपुढं मेणबत्त्या. भन्तेजी सुत्तपठण करत होते. मी पुढं बसले होते, डोळे मिटून. आणि फाटकाजवळ आवाज आला. तो आवाज मी कुठंही ओळखला असता.

“दादा, अम्माचं तोंड न्हाई बघायला भेटलं मला. फोटोला तरी हात जोडू द्या.”

मिलिंद दबक्या आवाजात म्हणाला, “इथून जा. लोकांसमोर तमाशा नको.”

“मी तमाशा न्हाई करत, दादा. लांबून जोडते. हितनंच दिसला तरी बास.”

“जा म्हणलं ना.”

मला उठता आलं असतं. फाटक काही लांब नव्हतं. मी उठून तिचा हात धरून तिला आत आणलं असतं, काही न बोलता, तरी कितीतरी झालं असतं. मी काय केलं? मी वर्गात बायकांना शिकवते ते केलं. आवाज म्हणजे नुसता आवाज, म्हटलं. उठतो, थोडा वेळ राहतो, जातो. त्याच्या मागं जायचं नाही. श्वासाकडं यायचं. मी श्वासाकडं आले. आत, बाहेर. आत, बाहेर. तिचा आवाज उठला, थोडा वेळ राहिला, आणि गेला. मी डोळे उघडले तेव्हा फाटकात कुणी नव्हतं. शेजारी बसलेल्या बाईंनी डोळे पुसत माझा हात दाबला. म्हणाल्या, बाई, एवढ्या दुःखात किती स्थिर बसलात तुम्ही. आम्हाला कधी जमायचं असं?

आता मला बसता येत नाही. म्हणजे बसते मी, लोकांसमोर. एकटी असताना छातीवर हात ठेवला की तो हात कुणाचा आहे तेच आधी आठवतं. मग मी तो काढून मांडीवर ठेवते, आणि मांडीवरही तो हातच असतो. शालिनी, अशी स्वतःला मैत्रिणीसारखी हाक मारून बघते. पुढं काही सुचत नाही. काय बोलायचं अशा मैत्रिणीशी? तिचा हात धरून तिला तिथपर्यंत न्यायचं, मॅडम म्हणाल्या होत्या. मी नेते. ती मोरीच्या दारापर्यंत येते आणि तिथून फिरते. दर वेळी. मी तिला ओढत नाही, कारण ती मीच आहे आणि मलाही आत जायचं नसतं. नांदेडला जाऊन मॅडमना हे सांगावं, असं कधी कधी मनात येतं. पण त्यांच्यासमोर बसले तर त्यांचा चेहरा दिसेल. आणि त्या माझ्याशी मायेनं बोलतील. ती माया मी पुन्हा खाऊन टाकीन, आधीची खाल्ली तशी, आणि तृप्त होऊन घरी येईन. स्वतःची एवढी ओळख मला आता आहे.

परवाच्या रविवारी वर्गात एक नवीन बाई आली. सासू अंथरुणाला खिळलेली. रडत रडत म्हणाली, काल मी त्यांच्यावर लई ओरडले हो बाई, ताट आपटलं, मला लाज वाटून राहिली. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. त्या क्षणी मी काहीही सांगू शकले असते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, स्वतःला माफ करा. ती हलकी होऊन गेली. जाताना पाया पडायला वाकली, आणि मी पाय मागं घेतले नाहीत.

मिलिंदला अजून वाटतं, त्यानं आईला वाचवलं. तो आला की आईच्या फोटोपुढं उभा राहून म्हणतो, नशीब ताई, वेळेवर कळलं. मी त्याला चहा करते.

गंगासागरचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. लातूरहून नांदेड, नांदेडहून बिलोली, सकाळी निघालं तर रात्रीपर्यंत माणूस परत येतं. मी गेलेले नाही. रविवारी वर्ग आहे. तिथं मात्र जाईन.